उन्हाची राखण

आमचे हे ज्या सरकारी खात्यात नोकरीला होते त्याच्या पाटीवर 'अपारंपरिक ऊर्जा' असे शब्द होते. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्या ऑफिसात गेले तेव्हा पाटी वाचून यांना विचारलं, की अपारंपरिक म्हणजे काय काय. हे म्हणाले, सूर्य, वारा आणि शेण. मग पारंपरिक काय, असं विचारल्यावर म्हणाले, कोळसा. सूर्य काल आला आणि कोळसा वाडवडिलांपासून चालत आला, अशी समजूत असलेल्या लोकांच्या हाती देशाची वीज आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या चाळीसेक वर्षांत ते मत बदलावं असं फारसं काही घडलं नाही.

आम्ही तेव्हा शनिवार पेठेत एका इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. मी घरी ब्लाउज शिवायची आणि दुपारी पेठेतल्या मुलींचा शिवणाचा वर्ग घ्यायची. आमच्या डोक्यावर गच्ची होती आणि तिची किल्ली आमच्याकडे असायची. त्या किल्लीपायीच पुढचं सगळं झालं. खात्यानं सौर कुकरचा प्रचार सुरू केला होता, आणि साहेबांनी हाताखालच्या लोकांना सांगितलं होतं, की प्रचाराला स्वतःच्या घरापासून सुरुवात करा. साहेबांच्या बंगल्यात झाडं फार, सावली पडते, म्हणून त्यांच्याकडे कुकर आला नाही. आमच्याकडे आला.

तो हातगाडीवरून आला. ॲल्युमिनियमची चौकोनी पेटी, आतून काळी, वर दुहेरी काच, आणि उघडणाऱ्या झाकणाला आतल्या बाजूनं आरसा. पेटीत काळे रंगवलेले चार डबे. आरशावर पडलेलं ऊन काचेतून आत जायचं, आतच कोंडलं जायचं आणि डब्यातलं अन्न शिजायचं. हे सगळं यांनी मला गच्चीवर उभं करून, हात मागे बांधून, वर्गात शिकवतात तसं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "ऊन फुकट आहे. आपल्याला काहीच करायचं नाही."

'आपल्याला' या शब्दात कोण कोण येतं हे मला लवकरच कळलं. सूर्य एका जागी थांबत नाही हे यांना ठाऊक असायला हवं होतं, ते त्याच खात्यात होते. तो सरकला की पेटी वळवावी लागायची, आरशाचा कोन बदलावा लागायचा. पाण्याच्या टाकीची सावली पुढे आली की पेटी फरफटत पलीकडे न्यावी लागायची. कावळा काचेवर बसला की हुसकायचा, कुणाचा पतंग येऊन पडला की काढायचा, धूळ बसली की पुसायची. हे सगळं चालू असताना आमचे हे ऑफिसात पंख्याखाली बसून सूर्याचा प्रचार करत असायचे. मी एक बाही जोडून जिना चढायची, पेटी वळवायची, खाली यायची, दुसरी बाही घ्यायची, की पुन्हा जिना. वर्गातल्या मुली मान खाली घालून हसायच्या.

एकदा मी यांना म्हटलं, "ऊन फुकट आहे हे खरं. पण त्याची राखण करायला जी बाई ठेवलीत, तीही फुकट आहे का?"

यांनी त्यावर बराच विचार केला. मग सांगितलं, की कुकरचा हा एक दोष आहे खरा, आणि परदेशात आपोआप वळणाऱ्या कुकरवर काम चालू आहे.

कुकर अगदीच टाकाऊ होता असं मी म्हणणार नाही. शेंगदाणे त्यात सुरेख भाजले जायचे, एकही करपायचा नाही. रताळी छान व्हायची. भात व्हायचा, वरणाला मात्र दम धरावा लागायचा. गॅसचा सिलिंडर नंबर लावूनही लवकर यायचा नाही आणि रॉकेलला रांग असायची, त्या काळात ही काही लहान गोष्ट नव्हती. पण पोळी त्यात होत नसे, फोडणी होत नसे. आणि सकाळी डबा घेऊन ऑफिसला जाणाऱ्या माणसाचा स्वयंपाक तर कधीच होत नसे, कारण त्या वेळेला आमच्या गच्चीवर ऊनच पोचलेलं नसायचं. म्हणजे सूर्याच्या खात्यातल्या माणसाचा डबा शेवटपर्यंत गॅसवरच झाला. उन्हावर शिजायचं ते माझं एकटीचं दुपारचं जेवण.

पेठेची मात्र करमणूक झाली. समोरच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ राहायचे. आरशाचा कवडसा आपल्या खिडकीतून येऊन थेट वर्तमानपत्रावर पडतो, अशी त्यांची तक्रार होती. ते भांडायला आले नाहीत, भांडणं त्यांच्या प्रतिष्ठेला शोभणारं नव्हतं. रस्त्यात भेटले की थांबून फक्त विचारायचे, की आज आधी काय शिजणार, तुमचा भात की आमचा पेपर. खालच्या मजल्यावरच्या बाई आपल्या पाहुण्यांना आमचा कुकर दाखवायला गच्चीवर घेऊन यायच्या आणि दाखवून झाला की खाली नेऊन गॅसवरचा चहा पाजायच्या. माझ्या माहेरी तर असा समज झाला, की जावयांच्या नोकरीत काही अर्थ नाही, म्हणून आमची मुलगी उन्हात भात ठेवते. माझ्या भावानं एकदा काही न बोलता रॉकेलचा डबा आणून दाराआड ठेवला. मी तो परत पाठवला नाही.

मग खात्यानं स्वारगेटच्या पलीकडे एका मैदानावर प्रदर्शन भरवलं. सौर कुकर, सौर कंदील, गोबर गॅसची प्रतिकृती, असं सगळं मांडायचं होतं. उद्घाटनाला एक बडे पाहुणे यायचे होते. त्यांना सवड होती ती ऐन आषाढात, म्हणून सूर्याचं प्रदर्शन ऐन आषाढात ठरलं. यात काही विचित्र आहे असं खात्यात कुणाला वाटलं नाही, किंवा वाटलं असलं तरी साहेबांपुढे म्हणायची कुणाची छाती झाली नाही. कार्यक्रमात 'गृहिणींचे प्रात्यक्षिक' असा एक भाग होता आणि खात्यातल्या चौघांच्या बायकांना गृहिणी म्हणून नेमलं होतं. माझ्याकडे मसालेभात आला.

आदल्या संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. बाहेर आभाळ गच्च भरलेलं होतं. खोटं बोलायची सवय यांना नव्हती, त्यामुळे वाक्य पुरं व्हायला फार वेळ लागला. साहेबांचं म्हणणं असं होतं, की उद्या ऊन पडलं नाही तर खात्याची शोभा होईल. तेव्हा चौघींनी घरूनच गॅसवर करून आणावं, काळ्या डब्यांत भरावं आणि डबे पेटीत ठेवून द्यावेत. मी बरं म्हटलं. लग्न झाल्यापासून यांच्या खात्याकडून मला आलेली ती पहिली व्यवहारी सूचना होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी ठेवणीतल्या साड्या नेसून चार पेट्यांमागे उभ्या राहिलो. आरसे उघडे होते आणि त्यांत ढग दिसत होते. पाहुणे आले ते छत्रीखालून. हार झाले, समई लावून झाली, भाषण झालं. भाषणात ते म्हणाले, की आमच्या माताभगिनींचे डोळे धुरानं गेले, पण आता साक्षात सूर्यदेव त्यांच्या चुलीत उतरला आहे. टाळ्या पडल्या. मग ते पेट्या बघत बघत माझ्यासमोर येऊन थांबले. डबा उघडला, चमचाभर मसालेभात तोंडात टाकला आणि मान डोलावली.

"किती वेळ लागला हो ताई?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "गॅसवर वीस मिनिटं."

यांचा चेहरा मला दिसत होता, साहेबांचाही दिसत होता. पाहुणे मात्र शांत होते. त्यांना वाटलं मी तुलना करून सांगते आहे. ते म्हणाले, "आणि यात?" साहेब घाईघाईनं पुढे झाले. यात दोनेक तास लागतात, पण ताप काही नाही, ठेवून दिलं की झालं, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे बाईला दोन तास मोकळे मिळाले, असं म्हणून पाहुणे खूश होऊन पुढच्या पेटीकडे गेले. त्यांच्या मागोमाग छत्रीही गेली. मी खरं तेच बोलले होते, स्पष्ट आणि सगळ्यांसमोर, आणि ते खरं आहे हे ज्यांना आधीपासून माहीत होतं त्यांच्याशिवाय ते कुणाला कळलं नाही.

घरी आल्यावर हे चिडतील असं मला वाटलं होतं. ते जेवायला बसले. मग पानाकडे बघत म्हणाले, "तू बोललीस. खरं तर मी बोलायला हवं होतं." मी वाढत राहिले. काही महिन्यांनी यांनी स्वतःच कुकर गच्चीवरून उतरवला आणि खात्याला परत केला. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा यांनी सांगितलं, की बायकोला वेळ नाही. असं कारण सरकारी कागदावर लिहिता येत नाही, म्हणून साहेबांनी 'गच्चीवर सावली' असं लिहून घेतलं.

आमची मुलगी कॉलेजात जायच्या सुमाराला आम्ही शनिवार पेठ सोडली आणि धायरीत फ्लॅट घेतला. धायरी तेव्हा अर्धं गाव होतं आणि अर्धं बांधकाम. आमची सोसायटी ज्या शेतकरी कुटुंबाच्या रानात उभी राहिली ते कुटुंब शेजारच्याच दुमजली घरात राहत होतं. रान विकून आलेल्या पैशांतून घरातल्या पुरुषांनी मोठाल्या गाड्या घेतल्या होत्या आणि दिवसभर ते त्या गाड्या पुसत असायचे. गाड्या घेऊन जायचं कुठे, हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

याच सुमाराला नियम निघाला, की नव्या इमारतींवर सौर बंब बसवायलाच हवा, नाहीतर बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळणार नाही. यांना केवढा आनंद झाला. जे आपल्याला वीस वर्षं समजावून जमलं नाही ते कायद्यानं एका फटक्यात केलं, असं ते म्हणाले. आमच्या बिल्डरनंही वर बंब बसवला, काचेच्या नळ्या, टाकी, सगळं व्यवस्थित. हिवाळा आला तरी नळाला पाणी गारच. शेवटी हे गच्चीवर जाऊन वाकून वाकून बघून आले. टाकीतून निघालेला पाइप कठड्याच्या मागे जाऊन संपत होता. त्याला पुढे काही जोडलेलंच नव्हतं. हे बिल्डरकडे गेले. त्यानं यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "साहेब, दाखला मिळाला ना? मग कागदावर पाणी गरम आलंय. नळाचं बघू नंतर." ते नंतर अजून व्हायचं आहे. हे घरी आले आणि मुकाट्यानं गीझर लावून आंघोळीला गेले.

हे निवृत्त झाले आणि मग हळूहळू काळ बदलला. खात्यांच्या पाट्यांवर 'नवीकरणीय' असा नवा शब्द आला, सूर्याला इतक्या वर्षांनी परंपरेत घेतलं नसलं तरी निदान त्याची बढती झाली. पॅनेलं स्वस्त झाली. वाळवंटात नजर पोचेल तिथवर पॅनेलं मांडलेली टीव्हीवर दिसायला लागली. यांच्याबरोबरचे जे लोक या नोकरीला कपाळावर मारलेला शिक्का समजत होते, ते आता लग्नाकार्यांत भेटले की आपण या क्षेत्रात पहिल्यापासून होतो असं सांगायचे. आमच्या साहेबांनी तर म्हणे एक व्याख्यानमालाच सुरू केली. त्यांच्या बंगल्यातली झाडं तोपर्यंत पार्किंगसाठी तोडलेली होती.

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनाही जाग आली. अध्यक्ष म्हणजे एका खासगी कंपनीतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ. आधीची दहा वर्षं आमच्या यांनी गच्चीवर पॅनेल हा शब्द काढला, की ते म्हणायचे, काका, तुमचा छंद तुमच्यापाशी. आता म्हणाले, आपली सोसायटी ग्रीन व्हायला हवी. तरुण मंडळींना ग्रीन शब्द पटला. त्यांच्यातल्या एकानं पेबॅक, म्हणजे घातलेले पैसे किती वर्षांत सुटतात ते, विचारलं, यांनी ते सांगितलं, आणि काम मंजूर झालं. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, सगळं उन्हावर. उद्घाटन झालं, यांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला, अध्यक्षांचाही झाला, आणि अध्यक्षांच्या सत्काराला दुप्पट वेळ लागला.

दिवसा उरलेली वीज वीज कंपनीला जायची, रात्री घेतलेली तिच्यातून वळती व्हायची, आणि सामायिक वीजबिल जवळजवळ नाहीसं झालं. त्याबरोबर लोकांची अक्कलही गेली. फुकटची वीज आहे म्हणून जिन्यातले दिवे भर दुपारी चालू राहायला लागले. अध्यक्षांनी फाटकापाशी एक कारंजं बसवलं, त्यात संध्याकाळी लाल, हिरवं, निळं पाणी उडायचं, आणि लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. एका संध्याकाळी मी यांना विचारलं, की सूर्य तर मावळला, मग हे कारंजं कशावर चाललंय. हे म्हणाले, कोळशावर. मग समजावून सांगितलं, की देशभर आता तसंच झालं आहे. भर दुपारी ऊन इतकी वीज देतं, की कधी कधी घ्यायला गिऱ्हाईक नसतं. आणि सूर्य खाली गेला, की सगळ्यांना एकदम दिवे, पंखे, एसी, सगळं हवं असतं. तेव्हा पुन्हा कोळशावरची जुनी औष्णिक केंद्रंच धावून येतात. वीज साठवायची सोय होते आहे, पण वेळ लागेल. म्हणजे दिवसभर कोळशाचा निर्जळी उपास आणि दिवेलागणीला पंगत, असं मी म्हटलं. हे म्हणाले, अगदी तसं नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली होती. हे नवं पॅनेल बायकांकडून काही मागत नव्हतं. वळवायचं नाही, उचलायचं नाही, कावळा बसला तर बसू दे. हे समाधान फार टिकलं नाही. धायरीत चारी बाजूंनी इमारती चढत होत्या, त्यांची धूळ येऊन पॅनेलांवर बसायला लागली आणि थोड्याच दिवसांत ती पिठाच्या गिरणीतल्या काचांसारखी दिसायला लागली. हे रोज मोबाइलवर बघायचे आणि वीज किती घटली ते मला वाचून दाखवायचे. पॅनेलं धुवायला हवी होती.

सोसायटीची सभा बोलावली. अध्यक्षांनी प्रस्तावना करून सांगितलं, की पर्यावरणाची जाण आपल्या भगिनींना उपजतच असते, आपलं महिला मंडळ भोंडला आणि हळदीकुंकू किती नेटकं करतं, तेव्हा दर रविवारी सकाळी पॅनेलं धुण्याचा उपक्रमही त्यांनी हाती घ्यावा. पेपरात फोटो देण्याची व्यवस्था ते स्वतः करणार होते. पुरुषांनी माना डोलावल्या. महिला मंडळाच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

मी उभी राहिले. म्हटलं, "अध्यक्ष, लिफ्ट फक्त बायका वापरतात का?"

ते हसले. "नाही काकू, तसं कसं. सगळेच वापरतात."

"आणि पॅनेलं बसवल्याबद्दल शाल कुणी घेतली?"

ते हसायचे थांबले. मी सांगितलं, की ज्यांनी शाल घेतली त्यांनी आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी पॅनेलं धुवावीत, घरटी एक पुरुष, पाळीनं. मी वर खुर्ची टाकून बसेन आणि कुठे राहिलं ते दाखवेन. सभेत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, हा मुद्दा विषयपत्रिकेवर नाही. तेवढ्यात आमचे हे उठले. सत्तरीच्या आसपासचा माणूस, पण आवाज खणखणीत. म्हणाले, "पहिली पाळी माझी." मग इतरांना नाही म्हणायला तोंड राहिलं नाही.

ते काही रविवार मला अजून सुखावतात. मी जिन्याच्या तोंडाशी सावलीत खुर्ची टाकून बसायची. खाली सबंध धायरीला आवाज जाईल असे हुकूम सोडत वावरणारी माणसं गच्चीवर बादली घेऊन उभी असायची आणि तिचं काय करतात हे त्यांना माहीत नसायचं. एकानं धुण्याची पावडर टाकून इतका फेस केला, की दुपारपर्यंत तो वाहत होता. दुसरा घरून हेल्मेट घालून आला. कशापासून रक्षण करायचं होतं, देव जाणे. अध्यक्ष आले, झाडू हातात धरला, फोटो काढून घेतला आणि फोन आला म्हणून खाली गेले. हळूहळू सोसायटीत पाठदुखीची साथ पसरली. ज्यांची पाठ दुखत नव्हती ते रविवारी गावाला जायला लागले. शेवटी पाळी कुणाचीही असो, धुणारे आमचे हेच उरले. एका सकाळी ओल्या फरशीवरून यांचा पाय घसरला आणि मनगट मुरगळलं. त्या दिवशी मी खुर्ची उचलून खाली आणली आणि अध्यक्षांना जाऊन सांगितलं, की आजपासून आमच्या घरचा माणूस वर जाणार नाही. पॅनेलं पुन्हा पिठासारखी झाली. कारंजं चालूच राहिलं.

एका दुपारी शेजारच्या शेतकऱ्याच्या घरातली थोरली सून आमच्याकडे आली. तिशीतली, उंच, कामाची सवय असलेली बाई. आमचं फक्त येता-जाता बोलणं होतं. ती रविवारच्या रविवार तिच्या घराच्या वरच्या खिडकीतून आमच्या गच्चीवरचा कारभार बघत आली होती आणि हसून हसून तिचं पोट दुखलं होतं, हे तिनं आल्या आल्या सांगितलं. मग म्हणाली, "काकू, त्या काचा आता कोन धुतंय?"

मी म्हटलं, कुणीच नाही.

"मग आमी धुतो. मी हाय, धाकटी जाऊ हाय. रान गेलं तवापासनं हाताला काम न्हाय. पर पैसं घेनार."

मी तिला घेऊन अध्यक्षांकडे गेले. त्यांनी कौतुक केलं, बसायला सांगितलं आणि घासाघीस सुरू केली. आपण शेजारी आहोत, असं म्हणाले. सोसायटी तुमच्याच जमिनीवर उभी आहे, तेव्हा ही तुमचीच समजा, असंही म्हणाले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "जमीन आमची व्हती. आता तुमची हाय. तिच्यावरची धूळ बी तुमचीच." अध्यक्षांनी तिचा दर मान्य केला.

दोघी जावांनी लांब दांड्याचे मऊ ब्रश आणले. ऊन तापायच्या आत वर जायच्या, पाण्याचा पाइप एकीच्या हातात, ब्रश दुसरीच्या. थोड्याच वेळात काचा लखलखीत करून खाली यायच्या. त्यांना कुणी शाल दिली नाही, आणि त्यांनीही कधी तिची वाट पाहिली नाही. मग पलीकडच्या सोसायटीनं बोलावलं, मग मंगल कार्यालयानं, मग शाळेनं. जिकडेतिकडे पॅनेलं चढत होती आणि धूळ तर होतीच. आज तिच्याकडे टाकी बसवलेला टेम्पो आहे आणि गावातल्या आणखी काही बायका कामाला आहेत. तिच्या सासऱ्यांनी सुरुवातीला घरची सून लोकांच्या गच्च्या धुते म्हणून जेवण सोडलं होतं. किती वेळ सोडलं होतं ते तिनं सांगितलं नाही, पण माणूस चांगला धष्टपुष्ट आहे. नवऱ्याची मोठी गाडी उभ्या उभ्याच गंजायला लागली तेव्हा तिनं ती विकायला लावली. टेम्पो आता तोच चालवतो. हे सगळं मला तिनंच सांगितलं, स्वयंपाकाची कृती सांगावी तसं.

मागच्या वर्षी तिनं जुन्या घराच्या मागे स्वतःचं वेगळं घर बांधलं. वर पॅनेलं लाव असं तिला सगळ्यांनीच सुचवलं. इतक्या लोकांच्या गच्च्या धुतेस, तुझ्याच गच्चीवर नसली तर कसं दिसेल, असं अध्यक्षही म्हणाले. तिनं ऐकलं नाही. मला म्हणाली, "सगळ्यांच्या गच्चीत मी उभी ऱ्हाते. माझ्या गच्चीत मला बसायचं हाय." हे मी यांना सांगितलं. दोन दिवसांनी हे कागदावर एक चित्र काढून तिच्याकडे घेऊन गेले. पॅनेलं खाली पसरायच्या ऐवजी उंच खांबांवर मांडवासारखी घालायची, म्हणजे वरती वीज आणि खाली सावली. आयुष्यात पहिल्यांदाच यांनी सौर ऊर्जेबद्दल बोलताना बाईला काय हवं आहे ते आधी विचारात घेतलं होतं, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंही. तिनं चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि हो म्हणाली.

आता आठवड्यातून एखाद्या सकाळी मी तिच्याकडे जाते. आम्ही त्या मांडवाखाली चटई टाकून चहा पितो. घरची पॅनेलं धुण्याचं काम तिनं नवऱ्याला लावून दिलेलं आहे. शिडी लावून तो वर चढतो, आम्ही खाली बोलत असतो, आणि फटीतून पाण्याचे थेंब आमच्या चटईच्या कडेला पडत असतात. परवा तो काम आटपून उतरायला लागला, तेव्हा हिनं कपातून एक घोट घेतला आणि वर न बघता म्हणाली, "कडंची रांग ऱ्हायली." तो पुन्हा वर गेला.